दोन दारांमधले अंतर : आरोग्य आणि न्याय यंत्रणांच्या समन्वयाचा आमचा अनुभव

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत वैद्यकीय समाजसेवा विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया आणि शिबिरे यांचा आढावा आपल्यापुढे सादर होत असतो. या वर्षी विश्वस्तांनी आमच्या विभागाला बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचा विषय काहीसा वेगळा आहे. काही रुग्ण एकदा येऊन बरे होऊन जात नाहीत. ते पुनःपुन्हा येतात. कधी रुग्णवाहिकेतून, कधी पोलिसांच्या गाडीतून. मधल्या काळात ते पोलीस ठाण्यात, न्यायालयात, कधी तुरुंगात, तर कधी रस्त्यावर असतात. अपघात विभागाच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘जुना रुग्ण’ असा शेरा पडतो. हे दोन शब्द लिहिताना आपण नकळत त्या माणसाविषयीची आशा सोडून देतो की काय, असा प्रश्न आम्हांला काही वर्षांपूर्वी पडला. आजचे निवेदन त्या प्रश्नातूनच आलेले आहे.

प्रथम एका रुग्णाची हकिकत सांगतो. त्याची व त्याच्या आईची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून ती सांगत आहोत.

हा रुग्ण पस्तिशीतला. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा कुशल कारागीर. विधवा आईसह दोन खोल्यांच्या घरात राहणारा. त्याला द्विध्रुवी मनोविकार आहे. म्हणजे काही काळ उन्मादाचा, काही काळ खोल नैराश्याचा आणि मधला बराच काळ अगदी तुमच्या-आमच्यासारखा. लिथियमच्या गोळ्या नियमित चालू असल्या आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी होत असली की तो कामावर जाई, घर चालवी. एकदा कारखान्यातील काम सुटले, हातात पैसा राहिला नाही, गोळ्या थांबल्या आणि उन्मादाच्या भरात त्याने बाजारातील एका दुकानाची काच फोडली. दुकानदाराने तक्रार दिली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, न्यायालयाने जामीन मंजूर करून पुढील तारीख दिली.

त्या तारखेला तो आमच्याच वॉर्डात दाखल होता. आई खाटेशी बसून होती. तारखेचा कागद तिच्या पिशवीत होता, पण तो कोणाला दाखवावा हे तिला ठाऊक नव्हते, आणि आम्ही तिला विचारलेही नव्हते. न्यायालयात पुकारा झाला, आरोपी गैरहजर आढळला, वॉरंट निघाले. उपचारांनी तो बरा झाला, घरी गेला, पुन्हा कामालाही लागला. काही आठवड्यांनी पोलीस वॉरंट घेऊन दारात आले. जामीनदार उभा करण्यात आईचे पाच दिवस गेले. ते दिवस त्याने कोठडीत आणि तुरुंगात काढले. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे सांगणारा कागद त्याच्याजवळ नव्हता, आणि त्याने तोंडी जे सांगितले ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. लिथियम अचानक बंद पडणे आणि सलग रात्री झोप न मिळणे, या दोन्ही गोष्टी उन्मादाला आमंत्रण देणाऱ्या आहेत. तो सुटून घरी आला तो आजारी होऊनच. तिसऱ्या रात्री शेजाऱ्यांनी ११२ क्रमांक फिरवला आणि पोलिसांनी त्याला पुन्हा आमच्या अपघात विभागात आणले.

यात चुकले कोण? डॉक्टरांनी योग्य उपचार केले होते. पोलिसांनी वॉरंट बजावले, ते त्यांचे कर्तव्यच होते. आरोपी का आला नाही हे न्यायालयाला कोणी सांगितले नव्हते, तेव्हा वॉरंट काढण्यावाचून न्यायालयाला गत्यंतर नव्हते. आईने तर आपल्या शक्तीबाहेर केले होते. प्रत्येक दाराने आपापले काम नियमानुसार केले. माणूस हरवला तो दोन दारांच्या मधल्या जागेत. ‘अमुक इसम अमुक तारखेपासून या रुग्णालयात दाखल असून न्यायालयात हजर राहण्याच्या स्थितीत नाही’, एवढा मजकूर आमच्या कागदावर लिहून वकिलामार्फत न्यायालयात पोहोचला असता, तर कदाचित हे सारे टळले असते. पण ती चिठ्ठी लिहिणे हे आमच्या रुग्णालयात कोणाचेच काम नव्हते. हे आम्हांला कबूल करावेच लागेल.

मित्रहो, मनोरुग्ण, पोलीस आणि न्यायालय यांचा संबंध आपल्या देशात आजचा नाही. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ हा शब्द होता आणि त्याची दृष्टी मुख्यतः बंदोबस्ताची होती. पोलिसांनी पकडावे, दंडाधिकाऱ्यांनी आदेश द्यावा आणि रुग्णाला भिंतीआड पाठवावे, अशी ती वाट होती. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे घराघरांत भीतीने घेतली जात, त्यामागे हाच इतिहास आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शब्द बदलले, पण वाट बरीचशी तीच राहिली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांचा होरपळून मृत्यू झाला. त्या घटनेने सारा देश हादरला.

२०१७ साली संसदेने संमत केलेला आणि २०१८ पासून अंमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा ही वाट बदलू पाहतो. त्यातील काही तरतुदी आपण सर्वांनी, विशेषतः रुग्णांच्या नातेवाइकांनी, लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. रस्त्यावर भटकणारी एखादी व्यक्ती मनोरुग्ण आहे व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे असे वाटल्यास पोलिसांनी तिला संरक्षणाखाली घ्यावे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे. तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही, असे कलम १०० सांगते. अशी व्यक्ती बेघर असेल तर ती हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हीही पोलिसांची जबाबदारी आहे. कलम २७ नुसार मनोरुग्णाला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, आणि पोलीस अधिकारी, दंडाधिकारी व कोठडीचे प्रमुख यांनी त्याला तो हक्क सांगितला पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधण्यास कलम ९५ मनाई करते. आणि कलम ३२ म्हणते की आरोग्य, विधी, गृह, सामाजिक न्याय, महिला व बालविकास इत्यादी खात्यांच्या सेवांमध्ये परिणामकारक समन्वय साधणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

म्हणजे आज आपण ज्या विषयावर बोलत आहोत, तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे. परंतु समन्वय हा शासननिर्णयाने आपोआप घडून येत नाही. तो तालुक्याच्या गावी, विशिष्ट पोलीस ठाण्याचा विशिष्ट अधिकारी आणि विशिष्ट रुग्णालयाची विशिष्ट समाजसेविका यांच्या ओळखीतून घडतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. उपचारांपर्यंत न पोहोचलेला माणूस संकटाच्या वेळी कोणत्या तरी दारात जातोच, आणि ते दार पुष्कळदा पोलीस ठाण्याचे असते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही, हेही येथे आवर्जून सांगितले पाहिजे. टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसू लागली. छळाने त्रस्त झालेल्या स्त्रीला पोलीस आणि समुपदेशक एकाच दारात भेटू लागले. पुढे राज्यशासनाने तो उपक्रम स्वीकारला. त्याच संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून पोलीस ठाणी, तुरुंग आणि न्यायालये यांमध्ये समाजकार्य नेले. वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेच्या सहकार्याने २००० साली ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले. पोलिसांकडे न गेलेली पीडित स्त्री रुग्णालयात मात्र येते, हे त्या केंद्राने ओळखले. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवले. २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशातील एक उदाहरण घ्यायचे तर अमेरिकेतील मेम्फिस शहराचे घेता येईल. तेथे १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एका मनोरुग्ण तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर, १९८८ मध्ये पोलीस, रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना आणि वैद्यकीय तज्ज्ञ एकत्र आले. निवडक पोलिसांना चाळीस तासांचे प्रशिक्षण आणि रुग्णाला विनाविलंब स्वीकारणारे एक रुग्णालय, असा तो साधा करार होता. प्रशिक्षणाइतकेच महत्त्व त्या उघड्या दाराला होते.

आम्ही यापैकी कोणाचीही बरोबरी करू शकत नाही. आम्ही केले ते फार लहान प्रमाणावर केले.

पहिली गोष्ट, दाखल करताना विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : ‘न्यायालयाची, पोलिसांची किंवा कोणत्या कार्यालयाची तारीख आहे का?’ उत्तर होकारार्थी आले तर रुग्णाच्या संमतीने त्याच दिवशी दाखला तयार होतो आणि तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांकडे जातो.

दुसरी गोष्ट, महिन्यातून एका दुपारी आमच्या ग्रंथालयाच्या खोलीत बैठक घेऊ लागलो. पोलीस ठाण्याचे नेमलेले अधिकारी, विधी सेवा समितीचे वकील व विधी स्वयंसेवक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील कार्यकर्ते, संरक्षण अधिकारी आणि आमचे मनोविकारतज्ज्ञ तिला येतात. न्यायालयापुढे चालू असलेल्या प्रकरणावर न्यायाधीशांशी चर्चा होऊ शकत नाही, होऊही नये. तो मार्ग वकिलांमार्फतच जातो. बैठकीत फक्त अशा रुग्णांचा विचार होतो, जे थोड्या काळात पुनःपुन्हा संकटात सापडले आहेत आणि ज्यांनी आपल्याविषयी बोलण्यास अनुमती दिली आहे. ‘याला काय झाले आहे’ यापेक्षा ‘यापुढे याला कोण भेटणार, केव्हा आणि कोठे’ हा प्रश्न तेथे विचारला जातो. प्रत्येक नावापुढे एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिल्याशिवाय बैठक संपत नाही.

तिसरी गोष्ट, ज्याला आम्ही साधेपणाने ‘सोबतीचा कागद’ म्हणतो. घडी घालून खिशात मावेल एवढे ते कार्ड आहे. चालू औषधांची नावे, कोणते औषध खंडित होता कामा नये, कोणाला दूरध्वनी करावा, पुढील तारीख कोणती, आणि घाबरलेल्या अवस्थेत या माणसाशी कसे बोलावे, एवढेच त्यावर असते. आजाराचा इतिहास त्यावर नसतो. कारण माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे, आणि ‘समन्वय’ या गोड शब्दाखाली रुग्णाची खाजगी माहिती पोलीस ठाण्याच्या टेबलावर पडू लागली तर तो उपकार न ठरता नवा अन्याय ठरेल. कार्ड बाळगायचे की नाही, हे रुग्ण स्वतः ठरवतो. काहींनी नकार दिला. त्या नकाराचा आम्ही मान राखला.

लेथवर काम करणाऱ्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटत असेल. त्याचा आजार गेलेला नाही. त्यानंतरही एकदा त्याची झोप उडाली, बोलणे वाढले. परंतु त्या वेळी आईने कार्डावरील क्रमांकावर कळवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे रिक्षाने बाह्यरुग्ण विभागात आले. तारीख चार दिवसांवर होती. दाखला वेळेत गेला, वकिलांनी अर्ज केला, न्यायालयाने गैरहजेरी माफ केली. ना पोलिसांची गाडी आली, ना काच फुटली. वृत्तपत्रात छापून येण्यासारखे यात काहीच नाही. आमच्या विभागात मात्र त्या दिवशी सर्वांनी एकत्र चहा घेतला.

सगळ्याच हकिकती अशा संपत नाहीत, आणि देणगीदारांपुढे केवळ यशाचे पाढे वाचणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एक विवाहित तरुणी जीव देण्याच्या प्रयत्नानंतर तीनदा आमच्याकडे आली. तिन्ही वेळा वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली, पोलिसांनी जबाब घेतला, प्रकृती सुधारल्यावर तिला घरी सोडण्यात आले. तिन्ही वेळा तिने ‘चुकून झाले’ असे सांगितले आणि तिन्ही वेळा सासरची मंडळी खाटेशी उभी असताना सांगितले. अशा व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण असल्याचे गृहीत धरावे, तिला शिक्षा न करता शासनाने तिची काळजी घ्यावी, असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा सांगणारे जुने कलम राहिलेलेच नाही. लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. हे सर्व असूनही तिच्याशी एकांतात दहा मिनिटे बोलणारी व्यक्ती आम्ही तिला दिली नाही, कारण ती तिन्ही वेळा आमच्याकडे आली ती रात्री, आणि आमचा विभाग सायंकाळी बंद होत असे. चौथ्या वेळी ती आमच्यापर्यंत पोहोचू शकली नाही.

तिच्या आईवडिलांना आम्ही काय सांगणार होतो? त्यानंतर विश्वस्तांनी रात्रपाळीसाठी समाजसेविकेचे एक पद तात्पुरते मंजूर केले. आता अशी कोणतीही स्त्री आली की नातेवाइकांना नम्रपणे बाहेर बसवून तिच्याशी बोलल्याखेरीज तिच्या डिस्चार्ज कार्डावर सही होत नाही. हा नियम एका जिवाच्या मोलाने झालेला आहे, याचे विस्मरण आम्हांला होऊ नये.

अडचणी आणखीही आहेत. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि नव्या अधिकाऱ्यांबरोबर ओळखीचा श्रीगणेशा पुन्हा करावा लागतो. नाव-गाव न सांगता येणारे रुग्ण बरे झाल्यावर कोठे पाठवावेत, याचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नाही. गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळत असल्या तरी तेथवर जाण्याचे एस.टी.चे भाडे आणि बुडणारा दिवसाचा रोज, हा खर्च गरिबाला औषधाइतकाच जड जातो. यंत्रणा एकत्र आल्याने गरिबी नाहीशी होत नाही. पण एकाच गरीब माणसाला चार कार्यालयांनी चार वेळा तेच प्रश्न विचारून परत पाठवू नये, एवढे तरी निश्चित साधते.

आता आपल्याला विनंती. धर्मादाय रुग्णालय या नात्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रकमेतून निर्धन रुग्ण निधीही ठेवला जातो. परंतु तो निधी उपचारखर्चासाठी आहे. रुग्णासोबत न्यायालयात जाणाऱ्या समाजसेविकेचे वेतन त्यातून भागत नाही. विश्वस्तांना आमची विनंती आहे की रात्रपाळीचे ते पद कायम करावे. देणगीदारांना विनंती आहे की यंत्रासाठी देताना प्रवासभाडे, काही दिवसांची औषधे आणि सोबतीचा खर्च यांसाठीही थोडे काढून ठेवावे. त्यावर आपल्या नावाची पाटी लावता येणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना कळकळीची सूचना. आजार लपवू नका आणि न्यायालयाची तारीखही लपवू नका. रुग्ण बरा असताना त्याच्या पसंतीने नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे लिहून ठेवा. २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. मोफत विधी साहाय्यासाठी १५१०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला माहीत असू द्या. अडचण कोणत्या दाराची आहे हे कळत नसेल, तर आमच्या दारात या. ते दार आमचे नसले तरी त्या दारापर्यंत आम्ही आपल्याबरोबर चालत येऊ.

या कामात साथ देणारे पोलीस अधिकारी व अंमलदार, विधी सेवा समितीचे वकील व स्वयंसेवक, शासकीय आरोग्य यंत्रणेतील सहकारी, आमच्या परिचारिका आणि अपघात विभागाचे कर्मचारी यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. नोंदवहीत ‘जुना रुग्ण’ हा शेरा आजही पडतो. मात्र आता त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे : ‘सोबत कोण?’ तो रकाना कधी रिकामा राहू नये, यासाठी आपले पाठबळ असेच मिळत राहावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.